पडद्याआडच्या कळा

आमच्या शाळेच्या संगणककक्षातील प्रत्येक यंत्राच्या पडद्यावर नारिंगी व पांढऱ्या पट्ट्यांचा एक शंकू बसलेला आढळतो. घोडबंदर मार्गावर अथवा कल्याण-शीळ रस्त्यावर दुरुस्तीचे काम चालले असता वाहनांस दूर ठेवण्यासाठी जसे शंकू मांडतात, तसाच हा दिसतो. भेद इतकाच की, हा वाट अडवीत नाही, मोकळी करून देतो. नव्या-जुन्या कोणत्याही पद्धतीने साठवलेली चित्रफीत वा ध्वनिफीत याच्या हवाली करावी आणि ती बहुधा विनातक्रार चालू लागावी, अशी याची ख्याती आहे. याचे नाव व्हीएलसी. विद्यार्थ्यांस ते तोंडपाठ आहे. परंतु ज्या पालकांनी घरच्या लग्नकार्याची चित्रफीत संगणकावर लावून पाहिली असेल, त्यांच्याही ते परिचयाचे असावे.

डिसेंबरची वीस तारीख उजाडली की, या शंकूच्या माथ्यावर एक लाल टोपी येते. नाताळची सुटी लागण्यापूर्वीच्या त्या दोन-चार दिवसांत खालच्या इयत्तांतील मुले धावत येऊन, "सर, यंत्रात काही तरी शिरले," अशी वर्दी देतात. आणि वरच्या इयत्तांतील मुले, ज्यांनी हा चमत्कार मागील वर्षी पाहिलेला असतो, ती मोठ्या गांभीर्याने त्यांच्या भीतीत भर घालतात. नववर्ष लागले की टोपी आपोआप उतरते.

हे गुपित खरे, परंतु त्यास कुलूप लावलेले नाही. या सॉफ्टवेअरचे मूळ लेखन जगापुढे उघडे ठेवलेले असून कोणासही ते वाचता येते. इयत्ता नववीतील एका जिज्ञासू विद्यार्थ्याने टोपीचा शोध घेत घेत ते लेखन गाठले, तेव्हा त्यास तेथे ३५४ हा आकडा सापडला. साध्या वर्षातील ३५४ वा दिवस म्हणजे डिसेंबरची २० तारीख. लीप वर्षी टोपी एक दिवस आधी चढते, हेही त्याने बोटांवर मोजून आम्हांस सांगितले. ज्या कोणास ही थट्टा रुचत नसेल, त्याच्यासाठी ती बंद करण्याची एक चौकटही ठेवलेली आहे. मात्र ती अनेक पायऱ्या खाली उतरल्यावाचून दृष्टीस पडत नाही.

या शंकूचा जन्म विद्यार्थ्यांच्या हातून झाला आहे, ही गोष्ट मला आमच्या मुलांस वारंवार सांगावीशी वाटते. फ्रान्स देशातील एकोल सान्त्राल पारी या अभियांत्रिकी विद्यालयाच्या विद्यार्थ्यांस आपल्या वसतिगृहातील संगणकांचे जाळे अधिक वेगवान करून हवे होते. त्यासाठी द्रव्यसाहाय्य मिळावे म्हणून त्या जाळ्यावरून दूरचित्रवाणीची चित्रे पाठवण्याचे काम त्यांनी १९९६ साली अंगावर घेतले. ती चित्रे पाहण्याचे जे साधन त्यांनी रचले, तेच हे व्हीएलसी. १ फेब्रुवारी २००१ रोजी विद्यालयाच्या अनुमतीने ते सर्वांसाठी खुले झाले, आणि जानेवारी २०२५ मध्ये ते उतरवून घेतले गेल्याची संख्या ६०० कोटींच्या पलीकडे गेल्याचे त्यांच्या संस्थेने जाहीर केले. जाहिराती घालण्याच्या मोबदल्यात देऊ केलेल्या मोठमोठ्या रकमा या मंडळींनी नाकारल्या, हेही प्रसिद्ध आहे. आता शंकूच का, असे विचाराल, तर त्या विद्यार्थिमंडळाने रस्त्यावरचे शंकू गोळा करून आपल्या खोलीत आणून ठेवले होते. हा भाग मात्र आमच्या विद्यार्थ्यांनी अनुकरण करण्याजोगा नाही.

सॉफ्टवेअरच्या पोटात अशी गंमत लपवून ठेवण्याच्या प्रघातास इंग्रजीत 'ईस्टरचे अंडे' म्हणतात. हे नाव आमच्या सणावरून पडले, म्हणून त्याची हकीकत थोडक्यात देतो. १९८० साली अटारी नामक कंपनीने 'ॲडव्हेंचर' हा खेळ विक्रीस काढला. खेळ रचणाऱ्याचे नाव कोठेही न छापण्याची त्या कंपनीची रीत होती. तेव्हा या खेळाचा कर्ता वॉरेन रॉबिनेट याने कोणास न कळवता खेळात एक गुप्त दालन बांधले आणि त्यात आपले नाव लिहून ठेवले. एका मुलाने ते दालन हुडकून कंपनीस पत्र धाडले, तेव्हा ही गोष्ट उघडकीस आली. आणि तेथील एका अधिकाऱ्यास पाश्चात्य देशांतील मुले ईस्टरच्या दिवशी झाडाझुडपांत लपवलेली अंडी शोधतात, त्याची आठवण झाली. आपल्याकडे ईस्टरला मुलांच्या हाती साखर-बदामाचे अंडे सरळ ठेवले जाते, शोधावे लागत नाही. त्यामुळे हे नाव प्रथम ऐकताना आमची मुले बुचकळ्यात पडतात.

व्हीएलसीमध्येही असे एक अंडे आहे. परिणामांच्या खिडकीत, भूमितीच्या पानावर, 'पझल गेम' म्हणून एक चौकट असून तीत खूण केली की, चालू असलेल्या चित्रफितीचे चौकोनी तुकडे होऊन ते विस्कटतात, आणि चित्र चालू असतानाच ते जुळवावे लागतात. भूगोलाच्या तासाला एकदा कोणी तरी ही खूण करून ठेवली होती. सह्याद्रीचे सोळा तुकडे होऊन नाणेघाट समुद्रकिनाऱ्यावर गेला. वर्गास तो तास अद्याप स्मरतो, आणि खरे सांगायचे तर घाट कोणता व किनारा कोठे, हेही त्या दिवसापासून अधिक पक्के झाले.

परंतु ज्या कळांविषयी मला लिहावयाचे आहे, त्या गमतीच्या नव्हेत. 'प्रेफरन्सेस' नावाची खिडकी उघडली असता तिच्या डाव्या कोपऱ्यात, अगदी तळाशी, दोन पर्याय दिसतात: 'सिंपल' आणि 'ऑल'. पहिला निवडला असता मोजकी पाने दिसतात. दुसरा निवडताच डावीकडे फांद्या-उपफांद्यांचा एक मोठा वृक्ष उलगडतो आणि शेकडो चौकटी समोर येतात. नवख्याच्या छातीत धडकी भरावी, असा तो विस्तार आहे. म्हणूनच तो झाकला आहे, आणि तसे करणे मला योग्य वाटते. कल्याण जंक्शनावर कसाऱ्याकडचा आणि कर्जतकडचा मार्ग वेगळा होतो. तेथे रूळ कोणत्या यंत्रणेने फिरतात, ती यंत्रणा कोणत्या सिग्नलशी जखडलेली आहे, हे सारे फलाटावर मांडून ठेवले, तर आसनगावच्या प्रवाशास आपली गाडी मिळणे कठीण होईल. त्याला फलाटाचा क्रमांक पुरे. अडचण निराळीच आहे. वर्षानुवर्षे फलाटाचा क्रमांकच पाहत राहिल्यामुळे पलीकडे काही आहे, हेच आपण विसरतो. आणि ज्याचे काम फलाटाच्या क्रमांकावर भागत नाही, असा मनुष्य गुपचूप बाजूस उभा राहतो.

असे एक गृहस्थ आमच्या पालकांत आहेत. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांच्या घरघराटात वीसेक वर्षे काढल्याने त्यांची श्रवणशक्ती जवळजवळ गेली आहे. त्यांची कन्या आमच्या शाळेत सातवीत होती, तेव्हा नाताळच्या नाटकात तिने उतारशाळेच्या मालकिणीची भूमिका केली. वाक्ये चारच होती. वडील पहिल्या रांगेत बसून एकटक पाहत होते, सर्वांबरोबर टाळ्याही वाजवीत होते. परंतु टाळ्या ते शेजाऱ्याचे हात पाहून वाजवीत आहेत, हे माझ्या ध्यानात आले. जानेवारीत पालकसभेपुढे त्या नाटकाची चित्रफीत दाखवावयाची होती. तेव्हा मुलीने येऊन विचारले, "सर, बाबांना या वेळी तरी कळेल, असं काही करता येईल का?"

एका मुलाने तत्काळ सुचवले की, आवाज वाढवावा. पडद्यावरची आवाजाची पट्टी १२५ टक्क्यांपर्यंत जाते. आतल्या पानावर तिची मर्यादा ३०० पर्यंत वाढवता येते, हे त्याने शोधून ठेवले होते. शोध खरा असला तरी उपाय मला मान्य झाला नाही. ज्याचे कान गोंगाटाने गेले, त्याच्यावर आणखी गोंगाट करणे म्हणजे उपचार नव्हे; शिवाय तेवढ्या आवाजात शब्द फाटतात, ध्वनिक्षेपक खराब होतात आणि ज्यांचे कान शाबूत आहेत त्यांनाही इजा पोहोचते. त्याऐवजी चित्राखाली मराठी अक्षरे द्यावीत, असे ठरले.

सबटायटलची फाईल हा प्रकार दिसतो त्याहून पुष्कळ साधा आहे. प्रथम अनुक्रमांक, त्याखालील ओळीत वाक्य कधी दिसावे आणि कधी लोपावे त्या दोन वेळा सेकंदाच्या सहस्रांशापर्यंत, त्याखाली वाक्य, आणि मग एक कोरी ओळ. हे साध्या नोटपॅडमध्ये लिहावे आणि फाईलला चित्रफितीचेच नाव देऊन ती शेजारी ठेवावी. शंकू तिला आपण होऊन ओळखतो. नववीतील तीन मुलींनी नाटकाची वही पुढे ठेवून हे काम आरंभिले. पहिली पंधरा वाक्ये लिहून पाहिले, तो पडद्यावर केवळ प्रश्नचिन्हांची रांग उमटली. कक्षातील ते यंत्र जुने होते. २०१९ पूर्वीचे नोटपॅड अक्षरे साठवताना आपण होऊन 'ॲन्सी' ही पद्धती धरीत असे, आणि तीत देवनागरीस जागा नाही. 'सेव्ह ॲज'च्या खिडकीत तळाशी एक लहानशी पेटी असते. तीत 'यूटीएफ-८' निवडावयाचे असते. तीही एक झाकलेली कळच. यंत्राने इंग्रजीत इशारा दिला होता; मुलींनी तो न वाचता 'ओके' दाबले. प्रश्नचिन्हे झालेली अक्षरे काही केल्या परत येत नाहीत, म्हणून पंधरा वाक्ये पुनश्च लिहावी लागली. पुढे मात्र काम झपाट्याने झाले. सबटायटलच्या पानावर अक्षरांचा आकार मोठा केला आणि त्यांच्यामागे काळी पट्टी घालण्याची चौकट सापडली, तिचाही उपयोग केला. कारण गव्हाणीतील पांढऱ्या वस्त्रांवर पांढरी अक्षरे बुडून जात होती.

सभेच्या आदल्या दिवशी नवेच संकट आले. चित्रफितीच्या आरंभीचा काही सेकंदांचा काळोख कोणी तरी मध्यंतरी कापून टाकला होता. परिणामी प्रत्येक वाक्य मागाहून येऊ लागले आणि उतारशाळेच्या मालकिणीचे उत्तर योसेफाच्या तोंडी पडू लागले. साऱ्या वेळा पुन्हा लिहिण्याइतका अवधी नव्हता. तेव्हा तीच नववीतील जिज्ञासू स्वारी पुढे आली. व्हीएलसी चालू असता कळफलकावरील 'जी' हे अक्षर दाबले की सबटायटल सेकंदाच्या विसाव्या भागाइतके अलीकडे सरकते. 'एच' दाबले की तितकेच पलीकडे जाते. पडद्यावर कोणत्याही बटणावर ही अक्षरे लिहिलेली नाहीत. मुलगा 'जी' दाबीत होता आणि तिघी मुली मोठ्याने मोजीत होत्या. चाळीस झाले, तेव्हा शब्द ज्याच्या त्याच्या ओठांवर येऊन बसले.

सभेच्या दिवशी ते गृहस्थ नेहमीप्रमाणे पुढे बसले होते. मुलीचा प्रवेश आला. रंगमंचावर तिने हात लांब करून गोठ्याची दिशा दाखवली होती, आणि त्या हावभावावरून ती पाहुण्यांस आत बोलावीत आहे, असाच त्यांचा समज झाला होता. आता अक्षरे वाचून ते तिच्याकडे वळले, आणि ऐकू न येणाऱ्या माणसांचा स्वर असतो तशा चढ्या स्वरात, साऱ्या सभेस ऐकू जाईल असे म्हणाले, "अगं, तू त्यांना नाही म्हणालीस होय?" सभा हसली, मुलगी लाजली. पुढचे नाटक संपेपर्यंत त्यांनी पडद्यावरून दृष्टी काढली नाही. टाळ्या या वेळी शेजाऱ्याच्या आधी वाजवल्या.

या कामी जी साधने लागली, त्यांपैकी एकही आम्ही नव्याने आणले नाही. ती सारी त्याच यंत्रांत होती, आणि ज्या ज्या वर्षी ते गृहस्थ पहिल्या रांगेत बसून नुसते पाहत होते, त्या त्या वर्षीही होती.

कल्याणच्या आमच्या मंडळीतील एका वृद्ध भगिनींची गोष्ट याहून लहान आहे. त्यांच्या दिवंगत यजमानांनी गायिलेल्या ख्रिस्ती भजनांची एक जुनी कॅसेट होती. तिचे संगणकावर रूपांतर करून नातवाने त्यांना कानावर लावण्याचे यंत्र दिले. ध्वनिमुद्रणातील आवाज एकाच बाजूस, उजवीकडे, उतरला होता. आणि या भगिनींस डाव्या कानानेच काय ते ऐकू येते. नातवास भजन ऐकू येई, आजींस निःशब्दता. 'ऑडिओ'च्या यादीत 'स्टिरिओ मोड' म्हणून एक ओळ आहे. तेथे 'राइट' निवडले की उजवा आवाज दोन्ही कानांत येतो. एवढेच करावयाचे होते. त्यांनी ते भजन पुन्हा पुन्हा लावण्यास सांगितले, आणि तिसऱ्या खेपेस, यजमान शेवटच्या कडव्यात नेहमी तालाच्या पुढे धावत, अशी तक्रारही केली.

झाकलेले सर्वच काही असे हितकर असते, असा माझा दावा नाही. २००५ साली सोनी बीएमजी या कंपनीने विकलेल्या कित्येक गाण्यांच्या तबकड्या संगणकात घालताच यंत्रात एक आज्ञावली शिरे, आणि ती तेथे आहे याचा थांगपत्ता लागू नये म्हणून स्वतःला लपवून ठेवी. हेतू गाण्यांच्या नकला रोखण्याचा. परंतु त्या आडोशाचा फायदा इतर घातक आज्ञावलींसही घेता येऊ लागला. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने त्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेर ते उघडकीस आणल्यावर तबकड्या परत घ्याव्या लागल्या. येथे ज्याने पैसे मोजून गाणे घेतले, त्याच्यापासूनच ते लपवलेले होते. उलट व्हीएलसी प्रथम उघडताना एक खिडकी येते व गाण्यांची माहिती इंटरनेटवरून आणू का, असे विचारते. तेथील चौकटीत खूण आधीच करून ठेवलेली असते, हे मला तितकेसे पसंत नाही. पण विचारले तरी जाते, आणि ती खूण पुसण्याचा अधिकार आपला राहतो.

न सांगता दार बंद होण्याचा अनुभव या शंकूस आपल्या देशातही आला. २०२२ च्या फेब्रुवारीच्या सुमारास व्हीएलसीच्या संस्थेचे संकेतस्थळ भारतातून उघडेनासे झाले. ज्यांच्या यंत्रात सॉफ्टवेअर आधीच होते, त्यांचे चालत राहिले. ज्यांना नव्याने हवे होते त्यांची पंचाईत झाली, आणि अशा वेळी भलत्याच ठिकाणाहून, भलतेच काही उतरवून घेण्याचा मोह होतो. पुढे ऑक्टोबरात त्या संस्थेने इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या साहाय्याने सरकारास कायदेशीर नोटीस दिली, आणि नोव्हेंबरात बंदी उठली. एवढ्या अवधीत सामान्य वापरणाऱ्यास कारण कोणी सांगितले नव्हते.

आमच्या सहकाऱ्यांत या विषयावर दोन पक्ष आहेत. संगणककक्षातील सर्व सेटिंगांना कुलूप घालावे, म्हणजे मुले काही बिघडवणार नाहीत, असे एका पक्षाचे म्हणणे. आणि सह्याद्रीचे सोळा तुकडे झालेल्या दिवशी त्या पक्षाचे बळ बरेच वाढले होते. कित्येक पालकही घरच्या संगणकाविषयी असेच बोलतात: "हात लावू नकोस, बिघडेल." माझे मत याविरुद्ध आहे. ज्या खिडकीत शेकडो चौकटी आहेत, तिच्याच तळाशी 'रीसेट प्रेफरन्सेस' नावाचे बटण आहे. ते दाबले की सारे पूर्ववत होते. जेथे परतीची वाट इतकी सोपी आहे, तेथे मुलास जाऊ द्यावे. मात्र जाण्यापूर्वी काय बदलणार ते वहीत लिहावे, एका वेळी एकच चौकट बदलावी, आणि यंत्राने इशारा दिला तर 'ओके' दाबण्यापूर्वी तो वाचावा, इतके नियम मी घालून दिले आहेत. इंग्रजी अडत असेल, तर व्हीएलसीची भाषा मराठी करून घेण्याची सोयही त्याच खिडकीच्या पहिल्या पानावर आहे.

सध्या मागील वर्षांच्या स्नेहसंमेलनांच्या चित्रफितींना मराठी अक्षरे देण्याचे काम चालू आहे. ज्यांचे काम व्हावयाचे आहे, त्या चित्रफितींची यादी संगणककक्षाच्या दारावर लावलेली असून शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास कक्ष उघडा असतो. ज्या पालकांस आपल्या पाल्याची वाक्ये अद्याप स्मरत असतील, त्यांनी ती लिहून पाठवावीत. कारण दोन नाटकांच्या वह्या सापडत नाहीत, आणि त्या ध्वनिमुद्रणात पंख्याच्या आवाजापलीकडे फारसे काही ऐकू येत नाही.